दोन जागांचा माणूस

विकेंड म्हटला की लोणावळा, नाहीतर महाबळेश्वर. फारच झालं तर अलिबाग. पण एक शनिवार-रविवार शिरूर-दौंडच्या नावानं काढून बघा. माझा निघाला, तोही चक्क ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या नादात!

शनिवारी सकाळी सव्वासहा. खराडी बायपासच्या टपरीवर पहिला कटिंग हातात घेतला आणि मोबाइल वाजला. मेलबर्नहून दादा, माझा मामेभाऊ. एप्रिलमध्ये आपले सव्वासहा म्हणजे त्याच्याकडचे पावणेअकरा.

'तुझा रक गेला रे,' तो म्हणाला.

'काय सांगतोस! कधी?'

'आत्ताच कळलं. पोटरी.'

माझा चेहरा बघून टपरीवाल्यानं चहाचे पैसे मागायला जरा वेळ घेतला. घरातलं कुणीतरी गेलं असं त्याला वाटलं असणार. आता त्याला कुठून सांगू, की गेलेला माणूस साडेसहा फुटांचा ऑस्ट्रेलियन आहे, ठणठणीत जिवंत आहे आणि त्याला माझं नावही माहीत नाही!

तुम्हाला मात्र सांगायला हवं. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आठवतं ना? २३ ऑक्टोबर २०२२ ला विराटनं पाकिस्तानविरुद्ध नाबाद ८२ केले, तेच. तिथे लाखभर माणूस बसतं. क्रिकेटचा मोसम संपला की त्याच मैदानावर तिथला लाडका खेळ सुरू होतो. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला १८ खेळाडू. चेंडूला लाथ मारा, मुठीनं ठोसून पास द्या, दुसऱ्याच्या खांद्यावर चढून हवेत झेला. १८५९ साली मेलबर्नमध्येच या खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. आज राष्ट्रीय लीगमध्ये १८ क्लब आहेत आणि मार्च ते सप्टेंबर अख्खं शहर याच गप्पा मारतं.

दादा तिथे गेल्यावर त्याला हे वेड लागलं आणि त्यानं ते मला लावलं. फॅन्टसी टीम! आपण क्रिकेटच्या करतो तशीच, पण खोलात शिरलेली. ठरावीक बजेटमध्ये खेळाडू घ्यायचे. मैदानावर बावीस जण: ६ डिफेंडर, ८ मिडफिल्डर, २ रक आणि ६ फॉरवर्ड. बाकीचे बेंचवर. लाथेचे ३ गुण, मुठीच्या पासचे २, झेलाचे ३, टॅकलचे ४, गोलचे ६. खेळाडू दर आठवड्याला बदलता येतात, पण मोजकेच. आणि ज्याची मॅच सुरू झाली तो लॉक. मग हात चोळत बसायचं.

रक म्हणजे चेंडू उडवला की उंच उडी मारून तो आपल्या बाजूला टोलवणारा ताडमाड माणूस. टीमला दोनच लागतात. चांगले रक मोजके आणि म्हणून महाग. इथेच खरी मजा आहे. काही खेळाडूंना गेम चालवणारे दोन जागा देतात. हा डिफेंडरही आणि मिडफिल्डरही, तो रकही आणि फॉरवर्डही. आधीच्या मोसमात तो प्रत्यक्ष कुठे खेळला त्यावरून हे ठरतं, आणि मोसमाच्या मध्ये काहींना नव्यानं दुसरी जागा मिळते.

पहिल्या वर्षी मला वाटलं, दोन जागा म्हणजे दुप्पट गुण. छे! गुण तेवढेच. फायदा कळतो तो कुणीतरी जखमी झाल्यावर. रक गेला तर त्याच्या जागी रकच घ्यावा लागतो. पण फॉरवर्डच्या रांगेत तुमचा एखादा 'रक-फॉरवर्ड' उभा असेल, तर त्याला रकमध्ये सरकवायचं आणि मोकळ्या झालेल्या फॉरवर्डच्या जागेवर डझनभर स्वस्त पर्यायांतला एक उचलायचा. बदल एकच, पण अख्खी टीम वाचते.

'तुझ्याकडे आहे ना रक-फॉरवर्ड?' दादानं विचारलं.

'आहे. पण तो पहिल्या दिवसापासून रकमध्येच लावलाय. पैसे वाचतात म्हणून.'

पलीकडे दादा खो खो हसला. 'मग तो कसला दुहेरी? अवघड जागी आधीच लावून टाकलास की तो नुसता रक झाला. दोन जागांचा माणूस सोप्या जागी उभा करायचा, म्हणजे अवघड जागेची वेळ आली की तो हाताशी असतो. साधा फंडा आहे, लेका.'

मी स्वस्तातला एक पोरगेला रक घेतला, देवाचं नाव घेतलं आणि गाडी नगर रोडला लावली. आमच्या लीगमध्ये पैसे नसतात, बरं का. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्यानं बंदी आली, तेव्हा ऑफिसातली अर्धी जनता सुतकात होती. आम्हाला काहीच फरक पडला नाही. आमच्यात हरणाऱ्यानं गावच्या जत्रेची वर्गणी भरायची, एवढाच सौदा.

दादाचा फोन रकसाठी होता, पण त्या विकेंडचं खरं काम वेगळं होतं. मामांचे गुडघे.

नगर रोडनं शिरूर

मामा म्हणजे दादाचे वडील. वय एकाहत्तर. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या बाजूला घर, चार एकर, दोन गाई. मामी जाऊन सहा वर्षं झाली. दोन्ही गुडघे बदलायचे, पुण्याच्या हॉस्पिटलची तारीख मिळालेली, आणि मामा दोन वेळा तारीख मोडून बसलेले. दादाकडे पाळणा हलायचा होता, नेमका त्याच आठवड्यात. त्यामुळे मामांना पटवून आणायची मोहीम माझ्यावर.

वाघोली पार केली की नगर रोड जरा श्वास घ्यायला लागतो. पेरणे फाट्याचा विजयस्तंभ, कोरेगाव भीमा, शिक्रापूर. मग रांजणगाव. एका बाजूला अष्टविनायकातला महागणपती, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. फ्रीज, वॉशिंग मशीन, मोटारी. सातच्या शिफ्टच्या बसेस ओळीनं उभ्या होत्या. आपल्या घरातला फ्रीज कदाचित इथूनच आला असेल, हे दर्शनाला थांबणाऱ्या किती जणांच्या लक्षात येतं?

पुण्यापासून साधारण ६५-७० किलोमीटरवर शिरूर. जुनी माणसं अजून 'घोडनदी' म्हणतात, कारण गाव घोड नदीवर बसलंय आणि पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा. एकेकाळी इथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ ला कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती इथूनच. आज बाजारपेठेत बियाणं, पाइप, ट्रॅक्टरचे पार्ट आणि मोबाइल एका रांगेत मिळतात.

आणि हो, हडपसर-मगरपट्ट्यात राहणाऱ्यांनो, शिरूर तुम्हाला परकं वाटत असेल तर एकदा मतदार कार्ड काढा. २००८ च्या पुनर्रचनेपासून लोकसभेला तुम्ही शिरूरचेच!

मामांची पोझिशन

मामा ओट्यावर बसले होते. समोर काढून ठेवलेला उन्हाळ कांदा, पातीनं झाकलेला.

'ये भाचेबुवा. तुझ्या मागं कोण लागलंय एवढं पहाटं निघायला?'

'तुमचे गुडघे, मामा.'

'त्ये कुठं जात्यात? इथंच हायेत.'

दुपारी पिठलं-भाकरी, फोडलेला कांदा आणि वर ताक. जेवता जेवता मी मोबाइल बघत होतो. मेलबर्नची संध्याकाळची मॅच आपल्या दुपारी असते. माझ्या पोरगेल्या रकनं जेमतेम विशी गाठली. मामांनी विचारलं काय बघतोस, म्हणून मी सगळं सांगितलं. रक, फॉरवर्ड, दोन जागांचा माणूस, दादाचा फंडा. मला वाटलं, डोक्यावरून जाईल. मामा भाकरी मोडायचे थांबले.

'आरं, मी त्योच होतो की.'

मामा तरुणपणी तालुक्याला कबड्डी खेळायचे हे घरात सगळ्यांना माहीत. पण 'खेळायचे' म्हणजे काय, ते कधी कुणी विचारलं नव्हतं. ते डावे कोपरारक्षक होते. आणि चढाईही करायचे.

'पर आमचं सर मला पयल्या चढाईला कधीच धाडत नसत. मला लई राग यायचा. मग एकदा म्हनले, तुला आदी धाडला आन तू बाद झालास, तर कोपरा बी गेला आन राखीव चढाई बी गेली. चढाईची पोरं भायेर बसली की मग तुझं काम.'

दादा मेलबर्नमध्ये बसून जे सांगत होता, तेच! कबड्डीत सात जण. चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की आपल्या संघाला गुण मिळेपर्यंत तो आत येत नाही. त्या वेळी चढाई कुणी करायची? पकड करणाऱ्यांपैकी एकाला चढाई येत असेल, तर डाव जिवंत राहतो. प्रो कबड्डी बघणाऱ्यांना हे सांगायला नको. इराणचा मोहम्मदरेझा शादलू मुळात कोपऱ्यातला पकडवीर, पण वेळ पडली की चढाईला जातो. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणनं त्याच्यासाठी २.३५ कोटी मोजले आणि १ मार्च २०२४ ला अस्लम इनामदारच्या कप्तानीत पलटणनं हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. पुढच्या मोसमात तोच शादलू हरियाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ ला आपल्या बालेवाडीत हरियाणा चॅम्पियन! हा निव्वळ योगायोग असेल असं मला तरी वाटत नाही.

'मग मामा, तुमच्यासारख्याला तर आज कोटी मिळाले असते.'

मामांनी धोतर जरा वर घेतलं आणि डावा गुडघा दाखवला. वाकडा, सुजलेला. 'कोटी न्हाई, ह्ये मिळालं. कोपऱ्यात घोट्याला झेप घ्यायची आन वर चढाईला पळायचं. दोन्हीकडं खेळनाऱ्याचा गुडघा आदी जातो, भाचेबुवा. तुझ्या त्या खेळात ह्येचं मोजमाप हाय का?'

नाही. आमच्या खेळात त्याचं मोजमाप नाही.

जत्रेतला हिशेब

गावची जत्रा होती. आदल्या दिवशी कुस्त्या झालेल्या. शनिवारी रात्री मंदिरामागच्या माळावर दिव्यांच्या उजेडात कबड्डी. लाल माती, दोरीचं कुंपण आणि माइकवर एक अखंड बोलणारा माणूस. मामांना खुर्ची दिली. काठी दोन गुडघ्यांत धरून ते पुढे वाकून बघत होते आणि दर चढाईला पुटपुटत होते.

तिथेच, दोन सामन्यांच्या मध्ये, मी विषय काढला. मनात मोठा प्लॅन होता. मी महिनाभर वर्क फ्रॉम होम घेणार. गावातच राहणार. गाईंचं मी बघतो, कांदा चाळीत मी भरतो, रात्री लाइट आली की पाणी मी धरतो. मामांनी फक्त ऑपरेशनला यायचं.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'आन दवाखान्यात रातचं माझ्यापाशी कोण?'

मी गप्प.

'तू आदीच गाईला लावला सवताला. आता तू नुस्ता गवळी.'

बॉस, सकाळी दादानं जी चूक दाखवली, तीच मी संध्याकाळी पुन्हा केली होती! फक्त या वेळी माणूस मी स्वतः होतो.

मग आम्ही नव्यानं मांडणी केली, माझ्या मोबाइलच्या नोट्समध्ये, अगदी टीम लावतात तशी. आधी अशा जागा, जिथे माणसं सहज मिळतात. गाई शेजारच्या घरातले बघतील, त्यांच्या चार आहेतच, त्यात दोन. त्या दिवसांचं दूध त्यांचं. कांदा मजूर लावून आठवड्यात चाळीत जाईल, त्याचे पैसे दादा देईल. रात्रीचं पाणी वाट्यानं करणारा धरेल. मग अवघड जागा. हॉस्पिटलमधल्या पाच रात्री. फॉर्मवर सही करणारा, डॉक्टरांशी बोलणारा, मामांना रागावू शकणारा माणूस. ते मजुरी देऊन मिळत नाही. तिथे मी. मी बाकी कुठेच नाही, म्हणून तिथे.

'आन त्येच्यानंतर?' मामांनी विचारलं. घराला चार पायऱ्या, संडास अंगणापलीकडे. नव्या गुडघ्यांना हे चालणार नव्हतं.

'दौंडला मावशीकडे,' मी बेधडक सांगितलं. 'तळमजला आहे, कमोड आहे.'

'तिला इचारलं?'

'तिला काय विचारायचं मामा, ती नाही थोडीच म्हणेल.'

मामा माझ्याकडे बघत राहिले. माइकवरच्या माणसानं पुढच्या सामन्याची नावं पुकारली.

भीमा ओलांडून

रविवारी सकाळी आम्ही दोघं दौंडला निघालो. मामांच्या आग्रहावरून आधी वाट वाकडी करून इनामगावला गेलो. लहानपणी ते इथे खड्ड्यांत उतरलेले साहेब लोक बघायला यायचे. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजनं इथे उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर अशी मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीचं अख्खं शेतकऱ्यांचं गाव निघालं. घरं, चुली, धान्याची कोठारं, घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसं.

आज बघायला गेलात तर घोड नदीकाठची पांढरीची जमीन आणि बाभळी. पाटीची अपेक्षा ठेवू नका. पण एक गोष्ट डोक्यात ठेवून उभे राहा. संशोधकांनी असं मांडलंय, की इथल्या लोकांची आधी बऱ्यापैकी चौकोनी घरं होती, जव पिकत होता. पुढे पाऊस कमी होत गेला, शेती हटली. तेव्हा हे लोक छोट्या गोल झोपड्यांत आले आणि जनावरं, शिकार यांवर जास्त जगायला लागले. म्हणजे नांगर सुटला तरी काही पिढ्या गाव टिकलं, कारण हाताला दुसरंही काम येत होतं. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'मग त्येत नवल काय? कांदा पडला की गाई, गाई आटल्या की कांदा. आजून तेच चाललंय.'

पारगावला भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड तालुका. उसाचा हिरवा पट्टा सुरू होतो आणि काचा खाली असतील तर गुऱ्हाळाचा वास गाडीत शिरतो. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९६ नंतरच्या दुष्काळात निराधार झालेल्या बायका-मुलींना रमाबाईंनी इथे आणलं आणि छपाईपासून शेतीपर्यंत कामं शिकवली. १९२२ मध्ये त्या गेल्या, संस्था अजून उभी आहे. पुढे चौफुला, लावणीच्या थिएटरांचं. मामा खिडकीतून बघून उगाच खोकले. मी विचारलं नाही.

दौंडला मावशीच्या दारात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. काका रेल्वेतून निवृत्त लोको पायलट. मावशीनं शाळेत नोकरी केली. चहा झाला, मी माझी मांडणी मोबाइलवर दाखवली. मावशीचं नाव 'ऑपरेशननंतर सहा आठवडे' या ओळीसमोर होतं.

मावशीनं चष्मा लावला, वाचलं आणि चष्मा काढला.

'बाळा, आईचं आजारपण माझ्याकडे. यांच्या रात्रीच्या ड्यूट्या, तेव्हा मुलं माझ्याकडे. वहिनी आजारी होती तेव्हा दर रविवारी डबा घेऊन गावाला मीच. तुझ्या आईचं बाळंतपण कुणी केलं, विचार तिला. तुमच्या खेळात दोन जागांचा माणूस असतो म्हणतोस. मला किती जागा दिल्या तुम्ही? आणि विचारलं कुणी?'

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मामा म्हणाले, 'मी त्याला म्हनलं हुतं.'

'तू गप रे, दादा. तू तरी कधी विचारलंस?'

खरं सांगतो, ऑफिसात रिसोर्स प्लॅनिंगच्या शीटमध्ये मी हेच करतो. जो दोन्ही कामं करू शकतो, त्याचं नाव आधी भरतो. तो नाही म्हणत नाही, म्हणून. मग एक दिवस त्याचा राजीनामा येतो आणि आम्ही आश्चर्य करतो. दुहेरी माणूस राखून ठेवायचा म्हणजे काय, तर त्याला इतरांच्या सोप्या कामांत आधीच पिळून घ्यायचं नाही. हे स्ट्रॅटेजी म्हणून मला कळत होतं. मावशीच्या बाबतीत कळलं नव्हतं.

मी सॉरी म्हणालो आणि नीट विचारलं. या वेळी मोबाइल खिशात ठेवून.

मावशी म्हणाली, पंधरा दिवस. त्यानंतर दुसरं कुणीतरी. गुरुवारी दुपारी तिचं भजनी मंडळ असतं, ते चुकणार नाही. आणि अंघोळीला, व्यायामाला मदतनीस हवा. मी मान डोलावली. पंधरा दिवसांनंतर मामा खराडीला माझ्या फ्लॅटवर, लिफ्ट आहेच. तिथे वर्क फ्रॉम होमचा खरा उपयोग.

तेवढ्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला. सगळं ऐकून म्हणाला, मदतनिसाचे पैसे माझ्याकडे. मग जरा थांबून म्हणाला, 'हॉस्पिटलच्या रात्री मलाही घे. तुमचे रात्रीचे दोन म्हणजे माझे साडेसहा. पोरगं जन्मल्यावर तसाही मी जागाच असणार. दोनला तू झोप. फोन बाबांच्या उशाशी लावून ठेव, काही झालं तर मी तुला उठवतो.'

मामांनी तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

इंजिनाला मागं-पुढं नसतं

दुपारी काका आम्हाला स्टेशनवर घेऊन गेले. दौंडला येऊन जंक्शन न बघता जायचं म्हणजे काकांचा अपमान. पुणे, सोलापूर, मनमाड, बारामती, चारी बाजूंना रूळ. मनमाडची लाइन १८७८ ची. तेव्हा इंग्रज या गावाला 'धोंड' म्हणत. गंमत म्हणजे पुण्याच्या उंबरठ्यावरचं हे स्टेशन कैक वर्षं सोलापूर विभागात होतं. २०२४ मध्ये ते पुणे विभागात आलं. नोकरीला पुण्याला, रेल्वेच्या कागदावर सोलापूरला. गावाचीच पोझिशन दुहेरी!

पुण्याहून येऊन मनमाडकडे वळणाऱ्या गाडीची दौंडला दिशा उलटते. आता बऱ्याच गाड्या कॉर्ड लाइननं परस्पर जातात, पण जी गाडी स्टेशनात येते तिचं इंजिन सुटतं, बाजूच्या रुळानं मागे जातं आणि दुसऱ्या टोकाला लागतं. शेवटचा डबा पहिला होतो.

'वाफेचं इंजिन असायचं तेव्हा ते टर्नटेबलवर गोल फिरवावं लागे,' काका म्हणाले. 'या इलेक्ट्रिक इंजिनाला दोन्हीकडे केबिन. याला मागं-पुढं नसतं. पायलट या केबिनमधून उतरतो, त्या केबिनमध्ये चढतो.'

'मंजी दोन जागांचं इंजान,' मामा म्हणाले.

'हो, पण दोन्ही केबिनमध्ये एकाच वेळी कुणी बसत नाही,' काका हसले. 'आणि शेडमध्ये जाऊन तपासणी झाल्याशिवाय यालाही पुढची गाडी देत नाहीत.'

मामांनी काठी टेकली, रुळांकडे बघितलं आणि म्हणाले, 'मग माझी बी तपासनी उरकून घ्या येकदाची.'

दोन वेळा मोडलेली तारीख तिसऱ्यांदा पक्की झाली, ती अशी, दौंडच्या प्लॅटफॉर्मवर.

पुढचं थोडक्यात. ऑपरेशन झालं. पाचपैकी चार रात्री दादानं दोननंतर ड्यूटी केली. पाचवी त्याची चुकली, कारण त्या रात्री त्याला मुलगी झाली. मावशीचा एकही गुरुवार बुडला नाही. त्या मोसमात दादानं मला सणसणीत हरवलं आणि जत्रेची वर्गणी मी भरली. पुढच्या मोसमाला माझा रक-फॉरवर्ड पहिल्या दिवसापासून फॉरवर्डमध्ये उभा होता. त्याचं नाव सांगणार नाही. दादा हे पान वाचतो.

मामा आता ओट्याच्या चारही पायऱ्या काठीशिवाय उतरतात. परवा फोनवर म्हणाले, 'जत्रंला या. पोरांना कोपरा कसा धरायचा, त्ये दावनारे.'

'आणि चढाई?'

'न्हाई. आता येकच जागा.'

जायचं कसं, बघायचं काय?

पुण्याहून नगर रोडनं रांजणगाव, मग शिरूर. शिरूरहून न्हावरे, पारगाव, केडगाव, चौफुला, पाटस असं दौंड. परतताना सोलापूर हायवे. गाडी नसेल तर शिरूरला एसटी आणि दौंडला लोहमार्ग, पुण्याहून अंतर साधारण ७५ किलोमीटर. वेळ असेल तर शिरूरहून जवळच कुकडी नदीतले निघोजचे रांजणखळगे आणि परतीला यवतहून भुलेश्वर. जत्रा चैत्र-वैशाखात, गुऱ्हाळं उसाच्या हंगामात. गुऱ्हाळावर थांबलात तर ताजा गूळ घ्या, आणि कुणाच्या घरी उतरणार असाल तर आधी फोन करून विचारा. मावशी असली तरी.